एस्टेलचा आवाज

५ जानेवारी, रविवार

मिळाला! एस्टेलचा रोल मला मिळाला.

ही वही वर्षभर कोरी पडली होती. म्हटलं, लिहायला लागायचं तर आजच. नऊ वर्षं डबिंग करतेय मी. दिवसा ऐरोलीच्या ऑफिसात विम्याच्या तक्रारी ऐकायच्या आणि सुट्टीच्या दिवशी रबाळ्याला आवाज द्यायचे. आतापर्यंतची कारकीर्द अशी: गर्दीतली बाई, नर्स, शेजारीण, पुन्हा गर्दीतली बाई आणि एका कार्टूनमधली शेळी. शेळी चांगली झाली होती, असं सगळे म्हणतात.

रूपेशचा स्टुडिओ एमआयडीसीत आहे, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याच्या वरच्या गाळ्यात. खाली मशीन धाडधाड करत असतं, म्हणून आमचं रेकॉर्डिंग रविवारी. रूपेश इथल्याच जुन्या गावचा. तोच मालक, तोच रेकॉर्डिस्ट आणि डबिंगचा डायरेक्टरही तोच. आज म्हणाला, "अक्षता, हिरोईन हाय यावेळी. माझी इज्जत ठेव."

सिनेमा परदेशी, दुसऱ्या महायुद्धातला. एस्टेल नावाची हेर शत्रूच्या मुलखातून वायरलेसवर बातम्या पाठवते आणि पकडली जाते. पुढचा अर्धा सिनेमा तुरुंगात. साथीदारांची नावं सांग म्हणून तिचे हाल करतात. ती एकही नाव सांगत नाही. शेवटी तिला गोळ्या घालतात. मार्चमध्ये मराठीत ओटीटीवर येणार.

घरी येऊन आईला सांगितलं. तिचा डावा कान लहानपणी तापात गेलाय, म्हणून उजवीकडे जाऊन पुन्हा सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "धरल्यावर काय करती ती बाई?"

"काही नाही करत. गप्प राहते."

"मंग तुला कामून घेतलं?"

हसून हसून पोट दुखलं. खरंच, मी आणि गप्प!

९ जानेवारी, गुरुवार

आज आईवर चिडले. महापालिकेच्या सर्व्हेची मुलगी आली होती. शेजारच्या घराला कुलूप, म्हणून तिनं आईला विचारलं, "इथे कोण राहतं, मावशी?" आई म्हणाली, "मला काय ठाव न्हाई." वीस वर्षं शेजारी आहेत सुमित्राबाई! रोज वाटीची देवाणघेवाण चालते. मी आतून ओरडले, "अगं, सांग ना नाव!" तर आईनं सरळ दार लावून घेतलं. मागाहून म्हणाली, "आपलं सांगावं. दुसऱ्याचं नाव आपण कशाला द्यायचं?"

ही तिची जुनीच खोड. शाळेत मारामारी झाली तेव्हा मी बाईंना पोरींची नावं सांगितली म्हणून तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. मला बक्षीस मिळायला हवं होतं खरं तर.

आमच्या घरची माणसंच विचित्र. पप्पा कारखान्यातून आले की आईच्या डाव्या बाजूला बसून हळू आवाजात काहीतरी बोलत राहायचे. तो तिचा बहिरा कान! मी लहान होते, मला वाटायचं पप्पा विसरतात. एकदा म्हटलंसुद्धा, "पप्पा, या बाजूला बसा, तिकडून तिला ऐकू येत नाही." ते नुसते माझ्या डोक्यावरून हात फिरवून उठून गेले. मी तेरा वर्षांची असताना वारले. धम्मपाल नाव त्यांचं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या खाली त्यांचा फोटो आहे. त्यातही ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.

१२ जानेवारी, रविवार

सहा तास बूथमध्ये. संवाद मस्त झाले. मेजर धमकावतो त्यावर एस्टेल म्हणते, "तुम्ही थकाल, मी नाही," ते वाक्य मी असं टाकलं की रूपेशनं काचेपलीकडून अंगठा दाखवला.

पण एफर्ट्स जमेनात. एफर्ट्स म्हणजे शब्द नसलेले आवाज: धापा, हुंदके, किंकाळ्या. ते वेगळे रेकॉर्ड करतात, संवाद संपल्यावर. पडद्यावर तिची नखं उपटतात. नटी कॅमेऱ्याला पाठमोरी आहे, म्हणजे ओठ जुळवायची कटकट नाही, पाहिजे तो आवाज टाका. मी ओरडले. रूपेश म्हणाला, "अजून." मी अजून ओरडले. मग तो म्हणाला, "बस. पानी पी." आणि पुढे काही बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा समजायचं.

१६ जानेवारी, गुरुवार

क्लायंटचा निरोप आला. संवाद पास. तुरुंगातले एफर्ट्स नापास. "ॲक्टिंग वाटते," असं लिहिलंय.

रूपेशचा फोन ऑफिसात आला. "ऐक, टेन्शन नको घेऊ. पन सव्वीस तारखेला परत घेनार, तो शेवटचा चान्स. नाय जमलं तर ते पूर्ण रोल दुसऱ्या पोरीकडून करून घेनार, आधीच सांगितलंय त्यांनी."

पूर्ण रोल. माझे सहा तास, "तुम्ही थकाल, मी नाही," सगळं पुसून टाकणार. जिन्यात जाऊन रडले. तेवढ्यातही कानात माझं रडणं तपासत होते की हे वापरता येईल का. नाही येणार. नाकातून आवाज फार येतो.

घरी मोरीशेजारच्या कोपऱ्यात माझा स्टुडिओ आहे. दोरीवर आईच्या चार गोधड्या चारी बाजूंनी सोडायच्या, आत मी आणि माईक. आई त्यात कधी पाऊल ठेवत नाही. झाडायचं असलं तर गोधड्या वर करून बाहेरूनच झाडते. आत कोंडल्यासारखं होतं म्हणते.

आज तिला म्हटलं, मेजरचे संवाद वाच, म्हणजे मला सराव होईल. आईचं वाचन बरं आहे. कागद हातात दिला. एकच ओळ होती: "कोण कोण होतं तुझ्याबरोबर? नावं सांग." तिनं मनात वाचलं, कागदाची घडी घातली आणि चष्मा काढून ठेवला. "मला न्हाई जमायचं असलं." चक्क लाजली! मग मीच मेजर झाले आणि मीच एस्टेल. ओट्याजवळ उभ्या असलेल्या आईकडे बोट करून मेजरच्या आवाजात दरडावलं, "नावं सांग!" तिच्या हातातली पळी खाली पडली. म्हणजे मेजर तरी मला चांगला जमतोय.

२१ जानेवारी, मंगळवार

आज रजा टाकली होती. दुपारभर गोधड्यांत बसून किंकाळ्या फोडत होते. सुमित्राबाई दोनदा येऊन विचारून गेल्या. आई बाहेर मेथी निवडत होती. अचानक गोधडीचं टोक वर झालं.

"अक्षू, कामून इतकी वरडायलीस?"

"मारतायत मला. नखं काढतायत."

"मंग वरडशील कशी तू?"

"म्हणजे काय? दुखणार नाही का?"

तिनं टोक सोडलं नाही. म्हणाली, "वरडायला तोंड उघडावं लागतं. एकदा उघडलं की त्यातनं काय भाईर येईल ते आपल्या हातात ऱ्हात न्हाई. नाव बी येईल. म्हणून तोंड उघडायचंच न्हाई."

नऊ वर्षांत मला कोणी इतकी साधी गोष्ट सांगितली नव्हती.

"मग आवाज कसा येतो?"

"जाऊ दे."

"आई, प्लीज. रविवारी शेवटचा चान्स आहे. रोल जाईल माझा."

खूप आर्जवं केली. गळ्यात पडले, रुसले, पुन्हा गळ्यात पडले. शेवटी आई गोधड्यांच्या आत आली. आयुष्यात पहिल्यांदा. खाली बसली, गुडघे छातीशी घेतले. मला म्हणाली, "माझ्याकडं बघू नको. मागं बस. आन् ते तुझं इचार."

मी मागे बसून मेजरची ओळ म्हटली. ती गप्प. पुन्हा म्हटली. गप्प. तिसऱ्यांदा म्हणताना जमिनीवर जोरात हात आपटला. बूथमध्ये रूपेश असंच करतो, मार कुठे बसतो ते कळावं म्हणून.

तेव्हा तो आवाज आला. काय लिहू? मोठा नव्हता. नाकातून ओढलेला श्वास घशात अडला आणि मिटल्या ओठांच्या आत काहीतरी गुदमरलं. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मला वाटलं संपलं, आणि तेव्हा श्वास सुटताना एक बारीक आवाज आला. रडणं नव्हतं ते.

आई उठली, तोंड धुतलं आणि मेथी निवडायला बसली.

"कुठे ऐकलंस असं?"

"गावाकडं."

"कोणाचं?"

"व्हती एक बाई."

गावाकडे नवरे बायकांना मारायचे, त्यातलंच काहीतरी असणार. अजून विचारावंसं वाटलं. पण तिनं नको ते काही सांगितलं असतं तर माझ्या डोक्यातून रविवार निघून गेला असता. म्हणून नाही विचारलं.

माईक चालूच होता. बंद करायचं लक्षात आलं नाही, असं लिहिणार होते. लक्षात आलं होतं. आवाज रूपेशला पाठवला आणि खाली लिहिलं, "हे ऐक. असं पाहिजे." त्याचं लगेच उत्तर आलं, हात जोडलेले सहा इमोजी.

२६ जानेवारी, रविवार

तोंड मिटून केलं. पंधरा-सोळा टेक झाले. आईसारखं नाही आलं, पण किंकाळ्यांपेक्षा हजारपट बरं. रूपेश म्हणाला, "हे पन हाय आणि तू घरून पाठवलेलं पन हाय. बघतो मी जुळवून, तू जा आता." मी इतकी दमले होते की नीट ऐकलंही नाही.

३० जानेवारी, गुरुवार

पास! क्लायंटनं लिहिलंय, "तुरुंगातला आवाज विलक्षण. ही कलाकार कोण?" ही कलाकार मी! ऑफिसात पेढे वाटले. आईला पेढा भरवला तर तिनं अर्धा खाल्ला, अर्धा पप्पांच्या फोटोसमोर ठेवला.

२ फेब्रुवारी, रविवार

गंगाराममामा आले. आईचे धाकटे भाऊ. तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते, आता रिटायर. दरवर्षी याच दिवसांत हरभऱ्याच्या हिरव्या डहाळ्यांची मोठी जुडी घेऊन येतात. आई ती सोलते आणि चाळीत वाटून टाकते. स्वतः एक दाणा तोंडात टाकत नाही. आणि मामा आईसमोर कधी खुर्चीवर बसत नाहीत. गुडघे दुखतात, तरी फरशीवरच. मी आजही खुर्ची पुढे केली. "असू दे गं," म्हणाले.

मी त्यांना एस्टेलची गोष्ट रंगवून सांगितली. मार, नखं, नावं, सगळं. मामा डहाळीचे घाटे तोडत होते ते थांबले. आईकडे बघून म्हणाले, "अक्का, हिला ठावं हाय?"

आई म्हणाली, "हरभरा सोल."

मोठ्यांचं काहीतरी जुनं भांडण असणार. सिनेमा आला की बघायला या म्हणून मी मामांकडून वचन घेतलं.

९ मार्च, रविवार

सकाळी अकराला सिनेमा लावला. आई खाटेवर, उजवा कान टीव्हीकडे करून. मामा फरशीवर. मी मधे, फुशारत. "तुम्ही थकाल, मी नाही" आलं तेव्हा मामांनी टाळीसुद्धा दिली.

मग ती खोली आली. एस्टेल पाठमोरी. मेजर म्हणाला, "नावं सांग." आणि तो आवाज आला.

तो माझा नाही, हे मला पहिल्या श्वासात कळलं. स्वतःचा श्वास ओळखू येतो आम्हाला. रूपेशनं थोडा घुमारा चढवला होता, पण आत तीच होती. घशात अडलेला तोच श्वास, मग तीच लांब शांतता. मला आईकडे बघायचं धाडस होईना.

मामा ताडकन उभे राहिले. त्यांच्या हातातली बशी फुटली. "बंद कर," म्हणाले. "पोरी, बंद कर ते!" मला रिमोट सापडेना. शेवटचा तो बारीक आवाज आला आणि मामांनी दोन्ही हातांनी कान दाबून घेतले. साठीला आलेला, पोती वाहिलेला माणूस. मग ते खाली बसून सरकत सरकत खाटेपाशी गेले आणि आईच्या पावलांवर डोकं ठेवून रडायला लागले. "अक्का, त्या दिवशी मी आईकलं व्हतं. दहा हातांवर व्हतो मी. दहा हातांवर."

मामांनीच सांगितलं, तुटक तुटक. गावात आमच्या माणसांनी गायरान फोडून हरभरा पेरला होता. पीक हाताशी आलं तेव्हा गावानं ते तुडवलं, वर पोलिसांत तक्रारही त्यांचीच. अकरा जणांना धरायचं होतं. अकराही जण लपले. मामा तेव्हा सतरा वर्षांचे. पोलीस आईला घेऊन गेले. बावीस वर्षांची होती ती, लग्नाला वर्ष झालं होतं. तीन दिवस ठेवलं. दुसऱ्या दिवशी वस्तीवर आणून सगळ्यांसमोर मारलं, कोणी तरी पुढे येईल म्हणून. मामा शेजारच्या कडब्याच्या गंजीत होते.

"आमाला वाटलं, ती वरडली तर आमी निघू भाईर," मामा म्हणाले. "ती वरडलीच न्हाई."

आईनं मामांच्या डोक्यावर हात ठेवला होता. मग वाकून बशीचे तुकडे वेचायला लागली. मी पुढे झाले तर म्हणाली, "राहू दे. तुला लागंल."

१० मार्च, सोमवार

ऑफिसला गेले नाही. सकाळी आई भाकरी थापत होती. मी तिच्या उजवीकडे जाऊन बसले.

"आई, मला माहीत नव्हतं."

"कसं असंल? म्या सांगितलंच न्हाई."

"कान?"

"ताप न्हवता आला." भाकरी तव्यावर टाकून तिनं वरून पाण्याचा हात फिरवला. "तुझ्या पप्पाला बी म्या कधी बोलून दाखवलं न्हाई. तरी त्यांला सोसलं न्हाई. गाव सोडलं, इकडं आलो, तरी माझ्या तोंडाकडं बघून बोलले न्हाईत कधी."

"ते डाव्या बाजूला बसून काय बोलायचे?"

"आईकू कुठं यायचं मला? पर काय बोलायलेत ते ठाव व्हतं. समोर बसून बोलले असते तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून त्यांनी ती बाजू धरली."

मी इतकी वर्षं त्याला विसराळूपणा समजत होते. मला पप्पांना हाक मारावीशी वाटली. आणि लाज वाटली, आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी. तिला म्हटलं, माईक चालू होता हे मला ठाऊक होतं. मी मुद्दाम बंद केला नव्हता.

ती बराच वेळ तव्याकडे बघत राहिली. भाकरी करपली. तिची भाकरी करपलेली मी कधी पाहिली नव्हती.

"पोलिसाला न्हाई दिलं," ती म्हणाली. "तीन दिवसांत न्हाई दिलं. तू गळ्यात पडलीस, तुला दिलं."

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१२ मार्च, बुधवार

रबाळ्याला गेले. खाली कारखाना चालू, वर रूपेशशी ओरडून बोलावं लागत होतं.

"ते एफर्ट्स माझे नाहीत!"

"म्हंजे? तूच पाठवलंस ना घरून?"

"रेफरन्स म्हणून पाठवलं होतं! माझ्या आईचं आहे ते!"

त्याला खरंच माहीत नव्हतं. "असं पाहिजे" म्हणजे "असं केलंय, हेच घे," असं त्याला वाटलं. माझ्या नावानं आलेला, गोधडीतला स्वच्छ आवाज. त्यानं माझे सोळा टेक बाजूला ठेवले आणि तो लावला. कुठल्याही रेकॉर्डिस्टनं हेच केलं असतं. मी मेसेजमध्ये एक शब्द जास्त लिहिला असता, "आईचं," तर हे झालं नसतं. पण तो शब्द लिहिला असता तर क्लायंटनं विचारलेली कलाकार मी ठरले नसते. पाठवताना हे डोक्यात होतं का? नव्हतं, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

सगळं सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मी काढतो. तुझा टेक लावून नवीन फाईल देतो त्यांना, कारन काय ते मी बघतो. नायतर ठेवायचं असेल तर आईंचं नाव दे, नावांच्या पाटीत टाकून घेतो. पन आईंना इचार पयला. त्या सांगतील तसं."

१३ मार्च, गुरुवार

विचारलं.

आधी तिनं विचारलं, "ती बाई मरती का शेवटाला?" त्या दिवशी आम्ही सिनेमा पुढे पाहिलाच नव्हता.

"हो. गोळ्या घालतात."

"कोणी असतं का संगट?"

"नाही. एकटीच असते."

आईनं खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर ट्रकांची रांग उभी होती, ड्रायव्हर स्टोव्हवर चहा करत होता.

"मंग राहू दे," म्हणाली. "काढू नको. त्या लेकराला तिथं दुसरं कोण हाय?"

"तुझं नाव टाकतो म्हणतोय रूपेश. भिमाबाई म्हणून. सगळ्यांना दिसेल."

"नाव नको."

"पण आई, तुझंच आहे ते. तुझं नाव द्यायला काय हरकत आहे?"

"नको म्हटलं ना. नाव कुनाला द्यायचं न्हाई."

मी रूपेशला तसं कळवलं. पाटीत एस्टेलच्या पुढे माझं एकटीचं नाव आहे. लोक अभिनंदनाचे मेसेज पाठवतायत. प्रत्येकाला आभार म्हणताना खोटं बोलल्यासारखं वाटतं, पण खरं सांगायचं तर तिनं नको म्हटलंय.

२३ मार्च, रविवार

दोन रविवार झाले, रबाळ्याला गेले नाही. गोधड्या उतरवून घडी करायला घेतल्या होत्या. आई म्हणाली, "असू दे. जरा आत बस माझ्यासंगट."

मी माईकची वायर उपटली आणि माईक तिच्या हातात दिला. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि गोधडीबाहेर ठेवला. मग गुडघे छातीशी घेऊन बसली. या वेळी मला मागे बसायला लावलं नाही. समोर बसवलं.

"अकरातले सात गेले," म्हणाली. "गायरान बी गेलं, आता तिथं कंपनीचे पत्रे लागलेत. गंगाराम सोडून कुनी कधी दारात आलं न्हाई. एक तर मोठा मानूस झालाय, फोटो येतेत त्याचे. वळख देत न्हाई. देऊ नये त्यानं, मला नको."

"मग आता का सांगतेयस?"

"मी मेल्यावर कुनालाच ठाव ऱ्हायचं न्हाई, म्या काय सांगितलं न्हवतं ते."

आणि तिनं नावं सांगायला सुरुवात केली. घाई नाही. एकेक नाव, बापाच्या नावासकट, कोण कुठे लपला होता त्यासकट. तिला सगळं ठाऊक होतं. विहिरीतली कपार, गंज, शाळेचा माळा. इतकी वर्षं तिनं स्वतःला एकही विसरू दिलं नव्हतं. सहावं नाव पप्पांचं आलं. ते म्हणताना तिचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला आणि पुन्हा खाली आला. मी रडत होते. ती नव्हती रडत.

अकरावं नाव गंगाराममामांचं. ते झाल्यावर ती म्हणाली, "म्हण बघू."

मी म्हटली. दोन चुकली, तिनं दुरुस्त केली. पुन्हा म्हणायला लावली. अंधार पडायला आला तसं सुमित्राबाईंनी बाहेरून हाक मारली, आणि आई गोधडी बाजूला करून त्यांची वाटी द्यायला गेली.

जाताना म्हणाली, "त्या वहीत लिव्हशील?"

"नाही."

आता अकराही पाठ आहेत मला. इथे लिहीत नाही.